विमानोड्डाणाच्या उंचीवरील विश्वकिरण आणि मानवी प्रारणमात्रेचे अंदाज : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक छोटासा बिल्ला लावलेला असतो. त्या बिल्ल्यावर महिन्याकाठी किती प्रारण पडले, याची नोंद होते आणि ती जपून ठेवली जाते. अटलांटिक महासागरावरून वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या हवाई सेविकेच्या गणवेशावर असा बिल्ला सहसा दिसत नाही. वस्तुतः अनेक देशांत विमानकर्मचाऱ्यांची सरासरी वार्षिक प्रारणमात्रा रुग्णालयातील प्रारण-कर्मचाऱ्यांच्या सरासरीपेक्षा अधिक आढळते. हा विरोधाभास केवळ प्रशासकीय अनास्थेतून निर्माण झालेला नाही. विमानातील मात्रा नेमकी कशी ठरवावी, तिच्यात काय मोजावे आणि मोजलेल्याला किती वजन द्यावे, हे प्रश्न जवळजवळ शतकभर टप्प्याटप्प्याने सुटत गेले. त्यांतील काही अजूनही पूर्णपणे सुटलेले नाहीत.

विश्वकिरणांचा इतिहास सामान्यतः मूलकणांच्या शोधाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पॉझिट्रॉन, म्युऑन, पायॉन या कणांच्या शोधकथा पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांतून सर्वपरिचित आहेत. त्याच किरणांचा मानवी शरीराशी असलेला संबंध मात्र तळटीपेपुरता उरतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या, तुलनेने दुर्लक्षित इतिहासाचा मागोवा घेतला आहे. मात्रेचा आकडा हा केवळ उपकरणाने दाखविलेला आकडा नसून मोजणी, गणित आणि संकेत यांच्या संयोगातून तयार झालेला आकडा आहे, असे या इतिहासावरून दिसून येते.

आयनांच्या मोजणीपासून प्रारंभ

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंद पात्रातील हवाही आपोआप आयनीभूत होते, ही गोष्ट शास्त्रज्ञांना कोड्यात टाकीत होती. जमिनीतील किरणोत्सारी द्रव्ये हे त्याचे कारण असावे, असा सर्वसाधारण समज होता. तो खरा असेल तर उंच जाताना आयनीकरण कमी व्हावयास हवे. जर्मन जेझुइट धर्मगुरू व भौतिकीचे अभ्यासक थिओडोर वुल्फ यांनी 1910 मध्ये पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर आपला विद्युत्‌दर्शक नेला, तेव्हा आयनीकरण अपेक्षेइतके घटलेले आढळले नाही. इटलीच्या दोमेनिको पाचिनी यांनी 1911 मध्ये उपकरण पाण्याखाली बुडवून पाहिले असता तेथे आयनीकरण कमी झालेले दिसले. निर्णायक पुरावा ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस यांनी दिला. 7 ऑगस्ट 1912 रोजी हायड्रोजनने भरलेल्या फुग्यातून ते सुमारे 5,350 मीटर उंचीपर्यंत गेले आणि वर जाताना आयनीकरण वाढत जाते, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सूर्यग्रहणाच्या वेळी केलेल्या उड्डाणात आयनीकरणात घट न आढळल्यामुळे हे प्रारण मुख्यतः सूर्यापासून येत नसावे, असा निष्कर्षही त्यांनी काढला होता. वेर्नर कोल्हर्स्टर यांनी 1914 पर्यंत ही मोजमापे 9,000 मीटरच्या पुढे नेली. म्हणजे आजची प्रवासी विमाने ज्या थरातून उडतात, त्या थराच्या उंबरठ्यापर्यंत माणूस उपकरणासह पहिल्या महायुद्धापूर्वीच पोहोचला होता.

या शोधाबद्दल हेस यांना 1936 चे नोबेल पारितोषिक कार्ल अँडरसन यांच्यासमवेत विभागून मिळाले. पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्यावर हेस यांनी याकोब ऑयग्स्टर या वैद्यकीय अभ्यासकाच्या साहाय्याने विश्वकिरण आणि त्यांचे जैविक परिणाम या विषयावर ग्रंथ लिहिला व त्याची इंग्रजी आवृत्ती 1949 मध्ये प्रसिद्ध झाली, ही बाब मात्र फारशी ठाऊक नसते. ज्याने हे किरण शोधले, त्यालाच त्यांचे शरीरावर काय होते हा प्रश्न पडावा, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. परंतु त्या काळी या प्रश्नाचे उत्तर देण्यास लागणारी साधने उपलब्ध नव्हती. आयनांची संख्या मोजणे आणि ऊतकांवर होणारा परिणाम ठरविणे यांत मोठे अंतर होते.

दोन महायुद्धांच्या दरम्यान झालेल्या दोन शोधांनी पुढील सर्व अंदाजांचा पाया घातला. पहिला शोध अक्षांशाच्या परिणामाचा होय. डच शास्त्रज्ञ याकोब क्ले यांना हॉलंड ते जावा या सागरी प्रवासांत विषुववृत्ताकडे जाताना विश्वकिरणांची तीव्रता कमी होत असल्याचे आढळले. आर्थर कॉम्प्टन यांनी 1930 च्या दशकाच्या प्रारंभी जगभर मोजमापे करवून त्यास दुजोरा दिला. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विद्युत्‌भारित कणांना अडविते. ध्रुवांजवळ कमी ऊर्जेचे कणही आत शिरू शकतात, तर भूचुंबकीय विषुववृत्ताजवळ केवळ अतिशय ऊर्जावान कणांनाच प्रवेश मिळतो. दुसरा शोध एरिक रेगेनर व गेओर्ग फोट्झर यांचा. आयनीकरण उंचीनुसार वाढत जाऊन सुमारे 20 किलोमीटरच्या आसपास कमाल होते व त्यानंतर घटते, असे त्यांच्या फुग्यांच्या प्रयोगांतून दिसले. बाह्य अवकाशातून येणारे प्राथमिक कण हवेच्या अणुकेंद्रांवर आदळून दुय्यम कणांचा वर्षाव निर्माण करतात आणि हा वर्षाव वातावरणाच्या वरच्या भागात सर्वाधिक दाट असतो, हे त्याचे कारण. समुद्रसपाटीवर माणसाच्या डोक्यावर असलेली हवा सुमारे दहा मीटर जाडीच्या पाण्याच्या थराइतके संरक्षण देते. 11 किलोमीटर उंचीवर हेच संरक्षण सव्वादोन ते अडीच मीटर पाण्याइतके उरते.

बंगळूरूचे उड्डाण

या टप्प्यावर भारताचा संबंध येतो आणि तो औपचारिक स्वरूपाचा नाही. भूचुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारताजवळून जात असल्यामुळे विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी हा प्रदेश जगात विशेष सोयीचा मानला जात होता. रॉबर्ट मिलिकन यांनी 1939-40 मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह भारतात येऊन आग्रा, पेशावर व बंगळूरू येथून उपकरणे असलेले फुगे सोडले, ते याच कारणासाठी. युद्ध सुरू झाल्यामुळे केंब्रिजला परत जाऊ न शकलेले होमी भाभा त्या वेळी बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. भाभा व त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धकाळात अमेरिकी हवाई दलाच्या विमानातून सुमारे 30,000 फूट उंचीपर्यंत भेदक कणांची मोजणी केली आणि 1945 मध्ये ती प्रसिद्ध केली.

30,000 फूट म्हणजे नऊ किलोमीटरांहून थोडे अधिक. आज देशांतर्गत जेट विमान साधारणपणे याच उंचीच्या आसपास उडते. भाभांच्या गणित्रांत मात्र मेसॉन मोजले जात होते आणि त्यासाठी शिशाचा थर वापरून मवाळ कण मुद्दाम गाळले जात होते. विमानात बसलेल्या माणसाच्या शरीरात त्याच वेळी किती ऊर्जा जमा होत आहे, हा प्रश्न त्या प्रयोगाचा नव्हताच. यात दोष काढण्याचे कारण नाही. उपकरण प्रश्नानुसार बनते. परंतु योग्य उंची, योग्य अक्षांश आणि योग्य शास्त्रज्ञ एकत्र येऊनही मानवी मात्रेचा आकडा त्यातून निघू शकला नाही, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासकाराने नोंदवून ठेवावी अशी आहे.

जड अणुकेंद्रांची भीती

1948 मध्ये मिनेसोटा व रोचेस्टर विद्यापीठांतील गटांनी प्राथमिक विश्वकिरणांत केवळ प्रोटॉन नसून लोहापर्यंतची जड अणुकेंद्रेही असतात, असे दाखवून दिले. रोचेस्टर गटातील बर्नार्ड पीटर्स पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथील विश्वकिरण संशोधनाला त्यांनी वेगळे वळण दिले. जैविक दृष्टीने या शोधाने खळबळ उडविली. जड अणुकेंद्र ऊतकातून जाताना आपल्या मार्गावरील पेशींत फार दाट आयनीकरण करते. अमेरिकी नौदलाच्या पेन्साकोला येथील वैमानिकी वैद्यक संस्थेत काम करणारे हर्मन शेफर यांनी 1950 पासून अत्युच्च उड्डाणांतील धोक्यावर सातत्याने लेखन केले. फुग्यांतून वर पाठविलेल्या काळ्या उंदरांच्या लवेत पांढरे केस उगवल्याचे 1954 मध्ये नोंदविले गेले. ऑगस्ट 1957 मध्ये अमेरिकी हवाई दलातील वैद्य डेव्हिड सायमन्स ‘मॅनहाय’ प्रकल्पाच्या फुग्यातून सुमारे 30 किलोमीटर उंचीवर एक दिवसाहून अधिक काळ राहिले, तेव्हा जड अणुकेंद्रांचे मार्ग टिपणाऱ्या संवेदनशील पट्ट्या त्यांच्या अंगावर बांधलेल्या होत्या. कण शरीरावर जेथे आदळला, तेथील त्वचा पुढे तपासता यावी, अशी त्यामागची कल्पना होती.

प्रवासी विमानांच्या दृष्टीने ही भीती काहीशी अस्थानी ठरली, असे आज म्हणता येते. दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बहुतेक जड अणुकेंद्रे हवेत फुटून विखुरतात. तरीही या काळात एक मूलभूत गोष्ट रुजली, ती म्हणजे एकूण ऊर्जा सांगून भागत नाही, ती कोणत्या कणाने आणि किती दाटीने जमा केली हेही सांगावे लागते.

स्वनातीत विमानाने विचारलेला प्रश्न

मे 1952 मध्ये ‘कॉमेट’ या जेट विमानाने लंडन ते जोहान्सबर्ग प्रवासी सेवा सुरू केली. 1960 मध्ये एअर इंडियाची बोइंग 707 विमाने मुंबईहून लंडनला जाऊ लागली. जेट विमानांमुळे प्रवासाची उंची जवळजवळ दुप्पट झाली. परंतु प्रारणाचा प्रश्न गांभीर्याने पुढे आला तो या विमानांमुळे नव्हे, तर त्याहून वेगवान अशा स्वनातीत विमानांच्या योजनांमुळे. 18 ते 20 किलोमीटर उंचीवर, म्हणजे फोट्झर यांच्या कमाल थराच्या जवळ, शंभराहून अधिक प्रवाशांना न्यावयाचे ठरले, तेव्हा तेथील मात्रा किती हे कोणाला तरी सांगणे भाग होते. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाच्या कार्यगटाने 1966 मध्ये या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या लँग्ली केंद्रातील ट्रुट्झ फोल्शे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उच्च उंचीवरील विमाने व फुगे यांतून मोजमापे केली आणि 1974 मध्ये त्यांचा सविस्तर अहवाल आला.

या अभ्यासामागे एका जुन्या घटनेची छाया होती. 23 फेब्रुवारी 1956 रोजी सूर्यावरील प्रचंड उद्रेकामुळे जमिनीवरील न्यूट्रॉन-मापकांची नोंद काही ठिकाणी नेहमीच्या कित्येक पटींनी वाढली. उपकरणांच्या साहाय्याने नोंदविलेल्या अशा घटनांत ती आजही सर्वांत मोठी समजली जाते. त्या वेळी उंचावरून उडणाऱ्या विमानात किती मात्रा मिळाली असती? त्या काळी कृत्रिम उपग्रह नव्हते. जमिनीवरील मोजक्या नोंदींवरून कणांच्या ऊर्जेचे वितरण मागाहून बांधावे लागले आणि वेगवेगळ्या अभ्यासकांच्या अंदाजांत कित्येक पटींची तफावत राहिली. दीर्घकालीन विश्वकिरणांची मात्रा आधी सांगता येते, सूर्याच्या उद्रेकाची येत नाही. हा भेद त्या वेळी जितका होता, तितकाच आजही आहे.

अमेरिकेने आपली स्वनातीत विमानाची योजना 1971 मध्ये सोडून दिली. त्यामागील मुख्य कारणे खर्च, आवाज आणि पर्यावरण ही होती, प्रारण हे नव्हे. ब्रिटन व फ्रान्स यांचे ‘कॉन्कॉर्ड’ मात्र 1976 ते 2003 या काळात प्रवासी सेवेत राहिले. त्याच्या चालक-कक्षात प्रारणमापक कायमचा बसविलेला होता आणि विशिष्ट मर्यादा ओलांडल्यास विमान खाली आणावे, असा नियम होता. कॉन्कॉर्डमध्ये दर तासाची मात्रा नेहमीच्या विमानापेक्षा सुमारे दुप्पट असे. परंतु लंडन-न्यूयॉर्क प्रवास निम्म्या वेळेत पूर्ण होत असल्याने एका खेपेची एकूण मात्रा जवळपास सारखीच भरे. म्हणजे ज्या विमानाची चिंता वाहिली गेली त्यात मापक होता, आणि तेवढीच मात्रा देणाऱ्या, संख्येने कैक पटींनी अधिक असलेल्या सामान्य विमानांत तो नव्हता.

न्यूट्रॉन : सर्वांत अवघड हिस्सा

आयनीकरण कोष्ठ विद्युत्‌भारित कण टिपतो. न्यूट्रॉनला विद्युत्‌भार नाही. त्यामुळे त्याची चाहूल अशा कोष्ठास अपुरीच लागते. परंतु उड्डाणाच्या उंचीवरील जैविक दृष्ट्या भारित मात्रेपैकी साधारण निम्मा वाटा न्यूट्रॉनचा असतो. म्हणजेच हेस यांच्या परंपरेतील उपकरणे कितीही अचूक केली तरी त्यांच्या नोंदीतून अर्धे चित्र निसटत होते.

प्रश्न केवळ न्यूट्रॉन मोजण्याचा नव्हता, तर कोणत्या ऊर्जेचे न्यूट्रॉन मोजावयाचे हाही होता. अणुभट्ट्यांसाठी तयार केलेले न्यूट्रॉन-मापक काही दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपर्यंत विश्वासार्ह होते. त्यापुढे त्यांची संवेदनक्षमता झपाट्याने घटते. विश्वकिरणांतील न्यूट्रॉनची ऊर्जा मात्र याच्या शेकडो पट पुढे जाते. न्यूयॉर्कच्या पर्यावरणीय मापन प्रयोगशाळेतील पॉल गोल्डहेगन व इतर शास्त्रज्ञांनी जून 1997 मध्ये नासाच्या ‘ईआर-2’ विमानातून निरनिराळ्या आकारांच्या प्लास्टिक-गोलकांचा संच नेला आणि त्यांपैकी काहींत जड धातूचे कवच बसवून उच्च ऊर्जेचे न्यूट्रॉनही पकडले. ऊर्जेच्या आलेखात एक उंचवटा एक-दोन दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, तर दुसरा शंभर दशलक्षाच्या जवळ असल्याचे या मोजमापांतून स्पष्ट झाले. या दुसऱ्या उंचवट्याकडे दुर्लक्ष करणारा अंदाज वास्तवापेक्षा कमी भरणार, हे उघड आहे.

याच काळात मानवी ऊतकाशी मिळत्याजुळत्या द्रव्याचे बनविलेले प्रमाणी गणित्र विमानांतून नेण्याची पद्धत रूढ झाली. हे उपकरण हॅरल्ड रॉसी यांच्या 1950 च्या दशकातील संशोधनातून विकसित झाले होते. आतील वायूचा दाब इतका कमी ठेवतात की सबंध पोकळी एखाद्या पेशीतील सूक्ष्म भागाप्रमाणे वागते. कण कोणता हे न विचारता त्याने किती दाटीने ऊर्जा सोडली एवढेच ते नोंदविते. शेफर यांच्या काळात रुजलेल्या कल्पनेला अशा प्रकारे उपकरणाचे रूप मिळाले.

भारांक बदलतो, आकडा बदलतो

ऊतकाच्या प्रत्येक किलोग्रॅममध्ये जमा झालेली ऊर्जा ही ‘शोषित मात्रा’ होय. ती ग्रे या एककात सांगतात. तिला कणाच्या घातकतेनुसार भारांकाने गुणून आणि निरनिराळ्या अवयवांची संवेदनशीलता लक्षात घेऊन ‘परिणामी मात्रा’ काढतात. ती सिव्हर्ट या एककात येते. यांतील भारांक निसर्गाने दिलेला नाही. प्राणी व पेशी यांवरील प्रयोगांचा विचार करून आंतरराष्ट्रीय आयोग तो ठरवितो.

1977 च्या शिफारशींत न्यूट्रॉनसाठी सर्वसाधारणपणे 10 हा गुणक वापरला जाई. 1985 मध्ये आयोगाने तो दुप्पट करण्याचे सुचविले. 1990 च्या शिफारशींत न्यूट्रॉनच्या ऊर्जेनुसार 5 ते 20 असे भारांक आले आणि प्रोटॉनसाठी 5 हा भारांक ठरला. 2007 मध्ये प्रोटॉनचा भारांक 2 वर आणला गेला आणि उच्च ऊर्जेच्या न्यूट्रॉनचा भारांकही कमी झाला. याचा परिणाम असा की एकाच मार्गावरून, एकाच उंचीवरून, सूर्यचक्राच्या एकाच टप्प्यात केलेल्या उड्डाणाची मात्रा 1980 च्या नियमाने एक, 1995 च्या नियमाने दुसरी आणि 2010 च्या नियमाने तिसरी निघते. आकाशात काहीही बदललेले नसते. दोन दशकांतील आकड्यांची तुलना करून प्रारण वाढले किंवा घटले असे सांगणारे लेखन अधूनमधून दिसते, ते या कारणास्तव सावधपणे वाचावयास हवे.

परिणामी मात्रा थेट मोजताही येत नाही, कारण ती मानवी शरीराच्या प्रतिकृतीवर गणिताने काढावी लागते. म्हणून 1990 च्या दशकापासून मोजणीची जागा संगणकीय आज्ञावलींनी घेतली. अमेरिकेत केरन ओब्रायन यांच्या गणितावर आधारलेली ‘कॅरी’, जर्मनीत ‘एपकार्ड’, फ्रान्समध्ये ‘सिव्हर्ट’, कॅनडात प्रत्यक्ष मोजमापांवर उभारलेली ‘पीसीएअर’ या त्यांपैकी काही होत. उड्डाणाचा दिनांक, मार्ग व उंची दिली की आज्ञावली त्या काळातील सूर्याची सक्रियता आणि मार्गावरील भूचुंबकीय अडथळा हिशोबात घेऊन मात्रा सांगते. युरोपीय प्रारण-मापन गटाने 2012 मध्ये अशा अनेक आज्ञावलींची तुलना केली असता त्यांचे निष्कर्ष साधारण 20 ते 30 टक्क्यांच्या आत जुळले. विषयाची गुंतागुंत पाहता हे यश कमी नव्हे. अर्थात, सर्व आज्ञावली समान भारांक वापरतात. त्यामुळे भारांकातील अनिश्चितता या जुळणीत उमटत नाही.

कर्मचारी म्हणून गणना

1990 च्या शिफारशींत जेट विमानांतील कर्मचाऱ्यांना मिळणारे विश्वकिरण हे व्यावसायिक प्रारण समजावे, असे आयोगाने प्रथमच स्पष्टपणे म्हटले. युरोपीय संघाने 1996 च्या निर्देशाद्वारे वर्षाला 1 मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळण्याची शक्यता असलेल्या विमानकर्मचाऱ्यांच्या मात्रेचे मूल्यमापन, त्यानुसार कामाचे वेळापत्रक आणि कर्मचाऱ्यांना माहिती देणे या गोष्टी बंधनकारक केल्या; सदस्य देशांनी मे 2000 पर्यंत त्यांची अंमलबजावणी करावयाची होती. अमेरिकेत हवाई प्रशासनाने कर्मचाऱ्यांचे प्रारण व्यावसायिक असल्याचे मान्य करून मार्गदर्शक सूचना दिल्या, पण मात्रेची मर्यादा कायद्याने बंधनकारक केली नाही.

यात सर्वाधिक नाजूक प्रश्न गरोदर कर्मचाऱ्यांचा आहे. गर्भाचे संरक्षण सर्वसामान्य नागरिकाइतके असावे, म्हणजे गरोदरपण कळविल्यानंतर उरलेल्या काळात मात्रा 1 मिलिसिव्हर्टच्या आत राहावी, असे युरोपीय नियम सांगतो. उच्च अक्षांशांवरील मार्गावर दर तासाला 5 मायक्रोसिव्हर्ट धरल्यास ही मर्यादा 200 तासांत गाठली जाते. पूर्णवेळ उडणाऱ्या कर्मचाऱ्याचे हे तीनेक महिन्यांचे काम झाले. शिवाय गरोदरपण लक्षात येईपर्यंत झालेली उड्डाणे या हिशोबात येत नाहीत. शिल्डिंगचा उपाय येथे निरुपयोगी आहे. शिशाचा पडदा या ऊर्जेच्या कणांना अडवीत नाही, उलट त्यातून अधिक दुय्यम कण निर्माण होऊ शकतात. उरतो तो केवळ जमिनीवरील कामाचा किंवा कमी अक्षांशावरील मार्गाचा पर्याय, आणि तो आरोग्याइतकाच वेतनाचा व बढतीचा प्रश्न बनतो.

रोगसाथविज्ञानाचा पुरावा येथे फारसा उलगडा करीत नाही. फिनलंडमधील हवाई सेविकांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले आणि त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत त्वचेच्या कर्करोगाबाबतही अशीच वाढ दिसली. परंतु रात्रपाळी, बदलती कालक्षेत्रे, उशिरा मातृत्व आणि सुट्टीतील सूर्यस्नान यांचा प्रभाव विश्वकिरणांच्या प्रभावापासून वेगळा काढणे कठीण जाते.

भारतीय अक्षांशांवरून ध्रुवाकडे

मुंबईहून आखाती देशांकडे जाणारे विमान संपूर्ण प्रवासात भूचुंबकीय दृष्ट्या सुरक्षित पट्ट्यातच राहते. या पट्ट्यात नेहमीच्या उंचीवर दर तासाची मात्रा साधारण 2 ते 3 मायक्रोसिव्हर्ट असते. उत्तर अटलांटिकवर ती सूर्यचक्राच्या टप्प्यानुसार 5 ते 8 पर्यंत जाते. मिलिकन ज्या कारणाने येथे आले, तेच कारण भारतीय विमानकर्मचाऱ्यांना दीर्घकाळ अनुकूल ठरले. सूर्यावरील उद्रेकांचे कणही या अक्षांशांवर सहसा पोहोचत नाहीत.

परंतु ही अनुकूलता मार्गांवर अवलंबून आहे, राष्ट्रीयत्वावर नाही. उत्तर अमेरिकेला थेट जाणारी उड्डाणे प्रवासाचा मोठा भाग उच्च अक्षांशांवर घालवितात. जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाचे विमान महिला वैमानिकांच्या चमूने सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून थेट बंगळूरूला आणले. वृत्तपत्रांनी या उड्डाणाचे यथोचित कौतुक केले. प्रारणाच्या दृष्टीने पाहता या एकाच प्रवासात विमान भूचुंबकीय संरक्षण जेथे सर्वांत कमी असते त्या प्रदेशातून निघून, जेथे ते जवळजवळ सर्वाधिक असते त्या शहरात उतरले. नोव्हेंबर 2019 पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नेमलेली केंद्रे अवकाश-हवामानाच्या सूचनांमध्ये उड्डाणाच्या उंचीवरील प्रारणाचाही समावेश करतात. ध्रुवीय मार्गावरील वैमानिकाला उद्रेकाच्या वेळी उंची कमी करावयाची की मार्ग बदलावयाचा, याचा निर्णय त्या सूचनेवरून घ्यावा लागतो. उंची कमी केली तर इंधन अधिक जळते, आणि पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणात हाताशी असलेले जादा इंधन मोजकेच असते.